जसं बोललं तसं

सर्वेशने चहाचा कप पुढे केला तेव्हाच रसिका भोईरने उठून जायला हवं होतं. नियम अगदी साधा होता: बोलणी सुरू होण्याआधी दुभाष्याने पेशंटच्या नातेवाइकाबरोबर एकट्याने बसायचं नाही. धम्मपाल सरांनी कल्याणच्या भाषांतराच्या वर्गात तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. सर कोर्टातून दुभाषी म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांना सवलत नव्हती. जसं बोललं तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. समोरचा 'मला' म्हणाला तर आपणही 'मला'च म्हणायचं, 'त्यांना' नाही. आणि चूक झाली तर ती तिथल्या तिथे, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशी कबूल करायची. "चूक घरी घेऊन गेलात," सर म्हणायचे, "की ती चूक राहत नाही. तिचं वेगळं नाव होतं."

पण सर्वेशने विचारलं होतं, "ताई, भोईर म्हणजे कुठले भोईर?"

या प्रश्नाला आगरी माणूस उत्तर न देता राहू शकत नाही.

"भोपरचे," रसिका म्हणाली.

"अरे! भोपरला आमची आत्या दिलेली. आवडाबाईंच्या घराला लागूनच घर."

"आवडाबाई माझी आजी."

"मग तू आपलीच की!" असं म्हणून त्याने 'तुम्ही' सोडलं, कँटीनच्या पोऱ्याला हाक मारली आणि चहा आला. आजीच्या नावावर आलेला चहा नाकारायचा म्हणजे आजीलाच नाही म्हणायचं. रसिकाने घेतला.

ठाण्यातल्या त्या खासगी हॉस्पिटलमध्ये ती पहिल्यांदाच आली होती. वय त्रेचाळीस. विमा कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात क्लेम विभागात तिची अर्धी हयात गेलेली. 'आपला दावा मान्य करता येत नाही' या वाक्याची तिने इतकी पत्रं लिहिली होती, की घरी भाजीवाल्याला नाही म्हणतानाही तिच्या तोंडून 'खेद वाटतो' निघायचं. आता ते ऑफिस बंद होऊन पुण्याला जाणार होतं. पुण्याला येणार की नाही, हे मंदाकिनी मॅडमना आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. भाषांतराचा वर्ग तिने त्याआधीच, गंमत म्हणून लावला होता. हळूहळू त्यातली गंमत गेली आणि हेच काम करावं असं वाटू लागलं. दुसऱ्याचे शब्द घ्यायचे आणि सांभाळून पलीकडे नेऊन ठेवायचे. त्यात कोणाला नाही म्हणायचं नसतं, असा तिचा समज होता.

नवरा विठ्ठल म्हणाला होता, "चाळिशीनंतर लोक बीपीची गोळी सुरू करतात. तू धंदा सुरू कर."

दुभाषी पुरवणाऱ्या संस्थेची अट होती, तीन कामं नीट करून दाखवायची. दोन झाली होती. हे तिसरं. बोलणी संपल्यावर डॉक्टर एक अभिप्राय लिहून देणार आणि त्यावर तिचं नाव यादीत जाणार किंवा राहून जाणार. हॉस्पिटलमध्ये मागे एका नातेवाइकाने डॉक्टरचं बोलणं अर्धंच सांगितल्यावरून मोठा वाद झाला होता. तेव्हापासून मोठ्या ऑपरेशनआधी घरचं माणूस दुभाषी म्हणून चालत नसे. डॉक्टर चेन्नईचे, नवीन आलेले, मराठीचा गंध नाही. पेशंट बाळकुमची, आणि आगरीशिवाय बोलत नव्हती.

"माझी आई कोण ते माहितीये ना तुला?" सर्वेश म्हणाला. "गंगुबाई धवलारीण."

रसिकाचा हात कपावर थांबला. नाव तिने ऐकलेलं होतं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचे धवले ती गाते, आणि ती गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. बाळकुमपासून भिवंडीपर्यंत गंगुबाईंच्या तारखा बघून लोक लग्नं धरत.

"गळ्यात कॅन्सर आहे, ते तिला माहितीये," सर्वेश आवाज उतरवून म्हणाला. तो बांधकामांना खडी-रेती पुरवायचा. अंगाने भक्कम, गळ्यात चेन, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. "पण स्वरयंत्र काढणार, ते नाही माहीत. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं. आवाज जाणार. कायमचा. हे तिला कळलं ना ताई, तर ती उठून चालू पडेल. मरेल, पण सही नाही करणार. मी ओळखतो तिला."

"मग?"

"मग काय? तू सांग की गळ्याचं ऑपरेशन आहे, थोडे दिवस बोलता येणार नाही. बस. खोटं कुठे आहे त्यात?"

"दादा, मला तसं करता येत नाही. आमचा नियम—"

"नियम माणसांसाठी का माणसं नियमासाठी? एकच आई आहे मला." त्याने रिकामा कप खाली ठेवला. "तुझी आजी असती तर काय केलं असतंस?"

रसिकाला कळत होतं: आता उठावं, आत जावं आणि डॉक्टरांना सांगावं की या माणसाने मला असं असं सांगितलंय. नियमाप्रमाणे एवढंच करायचं होतं. पण मग बोलणी आज होणार नाहीत, दुसरा दुभाषी बोलावतील, तिसरं काम बुडेल, आणि संध्याकाळी मंदाकिनी मॅडमना सांगायला तिच्याकडे काही नसेल. ती गप्प बसली. सर्वेशने त्या गप्प बसण्याचा त्याला हवा तो अर्थ घेतला.

तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

गंगुबाई आधीच खुर्चीत बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात रुमाल. रसिकाची खुर्ची त्यांच्या बाजूला, थोडी मागे. शिकवलेलं असंच होतं: दुभाष्याने मधे बसायचं नाही, म्हणजे बोलणारे एकमेकांकडे बघतात. सर्वेश भिंतीला टेकून उभा राहिला.

"बाय, तू कंची?" गंगुबाईंनी विचारलं. आवाज घोगरा होता, आतून काहीतरी खरवडत असल्यासारखा.

"मी दुभाषी आहे, मावशी. तुमी बोलाल ते डॉक्टरना सांगेन, ते बोलतील ते तुमाला."

"मना तुमी नको बोलू. मी काय सायबीन हाय?"

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या? रसिकाने जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर हसले. सुरुवात चांगली झाली.

पहिली काही वाक्यं सरळ होती. गाठ कुठे आहे, किती वाढलीय, तपासण्यांत काय दिसलं. रसिका बोलत गेली. आजीच्या घरातले, शाळेत गेल्यावर लाज वाटून टाकून दिलेले शब्द बोलावल्यासारखे येत होते. गंगुबाई मान हलवत होत्या. डॉक्टर एकेक वाक्य बोलून थांबत, वाट पाहत. चांगला माणूस होता, घाई करत नव्हता.

मग ते म्हणाले, "आम्हाला तुमचं पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. तुमचा आत्ताचा आवाज कायमचा जाईल. तुम्ही पुन्हा गाऊ शकणार नाही. दुसरा एक मार्ग आहे, तोही मी सांगणार आहे, पण आधी हे तुम्हाला नीट समजायला हवं."

ते थांबले. आता तिची पाळी.

रसिकाला सर्वेश दिसत नव्हता, पण तो भिंतीपासून सरळ झालेला तिला जाणवला. गंगुबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्यांत भीती होती आणि भरवसाही होता, आणि तो भरवसा पाहून रसिकाला ते वाक्य उच्चारवेना.

"गल्याचं ऑपरेशन करायचं हाय," ती म्हणाली. "मंग कायी दिस बोलायला तरास व्हईल."

खोलीत काहीच झालं नाही. डॉक्टरांनी मान डोलावली. सर्वेशने श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. गंगुबाई म्हणाल्या, "बरं."

डॉक्टर दुसऱ्या मार्गाकडे वळले. ऑपरेशन न करता किरणं आणि औषधं. त्यात स्वरयंत्र वाचण्याची शक्यता आहे, पण तुमच्या आजाराच्या या पायरीवर तो परत येण्याचा धोका बराच जास्त आहे. हे कसं सांगायचं? आवाज जाणार हेच सांगितलं नाही, तर तो वाचवायचा मार्ग कशाला हवा? रसिकाने तेही गुंडाळलं. "दुसरी औषधं पन हायत, पन ऑपरेशन जास्त भरवशाचं." एका गाळलेल्या वाक्याने दुसरं गाळायला लावलं होतं, आणि तिला एकदाही अडखळावं लागलं नव्हतं. कोणाला काही कळणार नव्हतं. डॉक्टर अभिप्रायात 'उत्तम' लिहितील, संस्थेच्या यादीत नाव जाईल.

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं. "काही विचारायचंय?"

गंगुबाईंनी पेन धरलं. सही त्यांना येत होती. पेन टेकवता टेकवता त्या थांबल्या.

"एकच. तुलशीचं लगीन झालं क लग्नं निंगतान. चार घरांना मी शबूद दिलाय. तवर गायाला येल क?"

"येईल, आई, येईल," सर्वेश घाईने म्हणाला. "कर सही."

"तुना नाय इचारला. दागतराला इचारला."

डॉक्टरांनी रसिकाकडे पाहिलं. "काय विचारतायत?"

प्रश्न जसा होता तसा डॉक्टरांपुढे ठेवला, तर पहिल्याच क्षणी त्यांना कळेल की पेशंटला काही कळलेलं नाही. नाही ठेवला तर? 'ऑपरेशन कधी आहे असं विचारतायत', एवढं म्हटलं की झालं. डॉक्टर तारीख सांगतील, ती म्हणेल, 'येल, मावशी', आणि पेन कागदावर टेकेल. मग ही बाई गळ्याला भोक पडलेल्या अवस्थेत जागी होईल, तोंड उघडेल, आणि आवाज निघणार नाही. तेव्हा ती आज 'येल' म्हणणारीलाच शोधेल, हे रसिकाला स्पष्ट दिसलं.

"पेन खाली ठेव, मावशी," ती म्हणाली.

मग ती डॉक्टरांकडे वळली. पाठ केलेलं वाक्य इंग्रजीत कसंबसं बाहेर आलं. "दुभाष्याकडून चूक झाली आहे. तुमचं बोलणं मी पूर्ण सांगितलेलं नाही. आवाज कायमचा जाईल हे मी गाळलं. दुसरा मार्गही नीट सांगितला नाही. पेशंट विचारतेय की काही महिन्यांत तिला गाता येईल का."

डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलला. "चूक? की मुद्दाम?"

"गाळलं. मुद्दाम."

सर्वेश पुढे आला. इंग्रजी त्याला तुटक कळत होतं, पण एवढं कळायला तेवढं पुरलं. "काय बोललीस त्यांना? ए, काय बोललीस? चहा घेतलास ना माझा? तेव्हा का नाही बोललीस? आपली म्हणून सांगितलं तुला. तू आपली नाहीस. पैशासाठी दोन भाषा बोलणारी बाई आहेस तू!"

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

खोलीत बोललं जाणारं सगळं सांगायचं असतं. रसिकाने सांगितलं, आणि नियमाप्रमाणे 'मी'च्या जागी 'मी' ठेवून. "तू माझा चहा घेतलास. तेव्हा का नाही बोललीस. मी तुला आपली म्हणून सांगितलं. तू आपली नाहीस. तू पैशासाठी दोन भाषा बोलणारी बाई आहेस." स्वतःच्या तोंडाने स्वतःला हे म्हणताना तिचा आवाज कोरडा होता, आणि तिला त्याचंच नवल वाटलं.

 डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आता तुम्ही खरं सांगाल, हे मला कसं कळणार?"

 "कोणीतरी मराठी माणूस बसवा," रसिका म्हणाली. "मी सांगते ते बरोबर आहे का, ते बघायला."

बाहेरून कांता सिस्टर आल्या. ऐरोलीच्या, आगरी कळणाऱ्या. त्या दाराशी स्टूल घेऊन बसल्या. डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून, वाक्य वाक्य करून पुन्हा सांगितलं. या वेळी रसिकाने काही मऊ केलं नाही, काही कठोरही केलं नाही. प्रत्येक वाक्यानंतर डॉक्टर सिस्टरांकडे बघत, सिस्टर मान हलवत, मग पुढचं वाक्य येई. ते बघणं रसिकाला दर वेळी लागत होतं.

"तुजा आवाज कायमचा जाईल. तू परत गाऊ शकनार नाय."

गंगुबाईंच्या हातातला रुमाल हलायचा थांबला.

दुसरा मार्गही सांगून झाला.  सर्वेश भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"पोऱ्या," गंगुबाई म्हणाल्या. "तुना कवापासून ठावं हाय?"

"आई, ते—"

"हिकडं ये. समोर उभा ऱ्हा. दागतर बोलला ते मी ऐकला. ही बाय बोलली ते पन ऐकला. आता तू बोल. तुज्या तोंडानी."

"काय बोलू?"

"जे लपवलास ते."

तो मोठा माणूस दोन्ही हात लोंबकळत सोडून आईसमोर उभा राहिला. त्या दोघांना मधे कोणाची गरज नव्हती. रसिका खुर्चीत बसून राहिली. करण्यासारखं तिला काही नव्हतं. डॉक्टरांना त्यांच्यातलं बोलणं ती हलक्या आवाजात सांगत होती, तेवढंच.

"तुझा आवाज जाणार," सर्वेश म्हणाला. "गाणं जाणार. मला माहीत होतं. मला वाटलं, तू नाही म्हणशील आणि मरशील. म्हणून नाही सांगितलं." मग तो रडायला लागला, मोठ्याने, बाहेरच्या रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असा.

गंगुबाईंनी त्याला रडू दिलं. समजावलं नाही, हात लावला नाही. त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"जेवाला येल?"

रसिकाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, येईल, शिकावं लागेल, पण येईल.

"पानी?"

येईल.

"बोलाला अजिबातच नाय?"

एक यंत्र असतं, डॉक्टर म्हणाले. गळ्याला लावून बोलता येतं. आवाज माणसाचा वाटत नाही, पण शब्द कळतात.

"सुनंला शिव्या देता येतील?"

रसिकाने हेही जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. "देता येतील."

 खिडकीबाहेर एका टॉवरचं काम चाललं होतं, तिकडे गंगुबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या रस्त्यानं गेलं तर आवाज ऱ्हाईल, पन मी ऱ्हाईन क नाय ते नक्की नाय."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"मंग काप."

रसिका थबकली. एवढ्या लवकर? पण विचारणं तिचं काम नव्हतं. तिने इंग्रजीत म्हटलं, "मग कापा."

"आई!" सर्वेशने तोंड पुसलं. "बघ, मी उगाच—"

"उगाच नाय," गंगुबाई म्हणाल्या. घोगरा आवाज एकदम धारदार झाला. "तू इचारला असतास तर मी काय बोल्ले असते, ते आता मनाच ठावं नाय. कदाचित नाय बोल्ले असते. आठ दिस भांडले असते, रडले असते, मंग ठरवला असता. ते आठ दिस माजे व्हते. तू खाल्लेस." त्यांनी पेन उचललं. "सही मी करन. तू भायेर जा. साक्षीला सून येल."

"आई, मी मुलगा आहे तुझा."

"हास ना. भायेर बस."

सर्वेश गेला. जाताना त्याने रसिकाकडे पाहिलं नाही. गंगुबाईंनी कागदावर नाव लिहिलं, एकेक अक्षर थांबून, आणि कागद डॉक्टरांकडे सरकवला. मग रसिकाला म्हणाल्या, "तू पयले खोटं का बोललीस?"

कांता सिस्टर उठायच्या थांबल्या.

"घाबरले," रसिका म्हणाली. "तुझं तोंड बघून. आन हे काम जाईल म्हणून पन."

डॉक्टरांनी विचारलं, काय बोलताय? तिने सांगितलं. पहिल्यांदाच त्यातला 'मी' तिचा स्वतःचा होता.

गंगुबाईंनी ऐकलं. माफ केलं म्हणाल्या नाहीत. "ऑपरेशनाच्या दिशी ये," एवढंच म्हणाल्या. "मी मधे मधे कायी इचारन. तवा मना सगळं सांगनारी बाय पायजे. तू एकदा खोटं बोललीस, आता बोलनार नाय." आणि सिस्टरचा हात धरून बाहेर गेल्या.

खोलीत डॉक्टर आणि रसिका उरले. अभिप्रायाचा कागद टेबलावर होता. डॉक्टरांनी तो वाचला, बाजूला ठेवला, परत घेतला.

"इथे 'बोलणं पूर्ण आणि अचूक पोहोचवलं का' असा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मी काय लिहू?"

"जे झालं ते."

"ते लिहिलं तर तुम्हाला घेणार नाहीत बहुतेक."

"बहुतेक नाही घेणार," रसिका म्हणाली. "पण तेच लिहा. गाळलं तेही, आणि नंतरचंही."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. तिला दाखवलं नाही, तिनेही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "ऑपरेशनच्या दिवशी पेशंटने तुम्हाला मागितलंय, तेही मी लिहिलं आहे. पुढचं संस्थेने बघावं."

बाहेर पायरीवर फोन वाजला. मंदाकिनी मॅडम.

"रसिका, संध्याकाळ झाली बरं का. मला लिस्ट पाठवायचीय. येतेस ना पुण्याला? तुझ्यासारखी पत्रं लिहिणारी मला दुसरी मिळायची नाही."

"नाही येत, मॅडम."

"म्हणजे तुझं ते भाषांतराचं काम नक्की झालं तर!"

"नाही," रसिका म्हणाली. "आज कदाचित ते गेलंच."

"मग? अगं, असं हातात काही नसताना कोणी सोडतं का? पोटापाण्याचं काय?"

"ते बघायचंय अजून. घरी जाऊन विठ्ठलशी बोलते."

"उद्या सकाळपर्यंत थांबू का? विचार कर."

"नको, मॅडम. आजच लिहा."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मंदाकिनी मॅडमनी तिचं नाव लिहिलं, पुढे तिचा नकार टाइप केला, आणि वाचून दाखवू का म्हणून विचारलं. रसिका म्हणाली, दाखवा.